मिठाच्या गोण्यांवरची फटफटी

कळव्यात त्या काळी फटफटी एकच, आणि ती काळुरामची. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला जुना माल लिलावात निघाला. त्यातून त्यानं ती उचलून आणली आणि सहा महिने खपून चालती केली. तिचं स्टँड मात्र कधीच मोडलेलं. चाक खोलायचं झालं की काळुराम आळीतल्या चौघांना हाक मारायचा. चौघांनी गाडी तोलून धरायची आणि यानं खाली आडवं पडून त्यांनाच शिव्या घालायच्या. हात सोन्याचा, पण राग नाकावर. त्याची बायको सगुणा म्हणायची, "इंजिन एक वेळ गार पडंल, आमचं मानूस नाय पडायचं."

तर असा माणूस गार पडला. खोकल्यातून रक्त आलं, क्षय निघाला, आणि काळुराम ठाण्याच्या इस्पितळात खाटेला खिळला. डॉक्टरांनी सगुणाला स्वच्छ सांगितलं, "बाई, औषध आम्ही देतोय. पण ते जेवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. पोटात अन्न नसेल तर औषध एकटं काय करणार?"

त्यात एक दिवस गोपीनाथ, काळुरामचा थोरला भाऊ, इस्पितळातून परतला तो खाली मान घालूनच. "काळू बोलला, फटफटी विकून टाका. बोलला, मना आता काय करायचीय ती?"

सगुणाला कळायचं ते कळलं. ज्या गाडीचा एक नट तो दुसऱ्या कुणाला फिरवू देत नव्हता, ती विका म्हणतो म्हणजे त्यानं मनातल्या मनात आपली बोळवण करून टाकली होती. पण रडत बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"विकायची नाय, भावजी."

"अगो, एका जागी उभी राहून टायर बसतील तिचे. मग कल्यानचा भंगारवाला सहदेव पन घेनार नाय."

"चाकं वर उचलून ठेवते. मग कशी बसतील?"

गोपीनाथ हसला. "चार बाप्ये लागतात तिला!"

"तुमाला लागत असतील," सगुणा म्हणाली आणि वासा शोधायला परड्यात गेली.

सगुणा मिठागरातली लेक. खाडीचं पाणी आत घ्यायला आगराच्या बांधाला उघाडी असते. तिची जाड फळी चिखलात रुतली की चार गडी ओढून थकायचे. तिचा बाप मात्र फळीखाली लांब वासा घालायचा, वाशाखाली धोंडा सरकवायचा आणि दुसऱ्या टोकावर सगुणाला बसवायचा. आठ वर्षांच्या पोरीच्या वजनानं फळी सुटून वर यायची. "जोर कुनाकडं पन असतो," बाप म्हणायचा, "धोंडा कुठं ठेवायचा ते कळाय पायजे."

सगुणानं तेच केलं. गाडी कलंडू नये म्हणून पडवीच्या दोन खांबांना दोर बांधून तिला दोन्ही बाजूंनी आवळलं. पुढच्या चाकाला दगडाची अटकण लावली. वासा इंजिनाखालच्या सांगाड्यात सारला, खाली धोंडा ठेवला आणि दुसऱ्या टोकाला सगळ्या अंगानं लोंबकळली. मागचं चाक जमीन सोडून वर आलं. वासा तसाच दाबून धरून तिनं त्याला दोरात बांधलेला मसाल्याचा पाटा अडकवला, पळत जाऊन सांगाड्याखाली बाभळीचा ओंडका सरकवला, आणि मग तसंच पुढचं चाक. दोन्ही चाकं अधांतरी, आणि गाडीला साधा ओरखडा नाही! गोपीनाथ ओट्यावरून बघत राहिला. त्यानं पुन्हा सहदेवचं नाव काढलं नाही.

रविवारी ती खाडीचा पूल ओलांडून ठाण्याला गेली. फडक्यात भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. पाठमोऱ्या नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "फटफटीची दोनी चाकं उचलली मी. एकटीनं."

"बरं," काळुराम भिंतीला म्हणाला.

बरं! एवढा कमरेचा काटा ढिला करून ही पुलापार आली आणि याच्या तोंडातून काय, तर बरं! सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्या रागात ती भलतंच बोलून गेली. "मिठाच्या गोन्यांवर ठेवलीय."

भिंतीकडचं डोकं हललं. "कशावर?"

"गोन्यांवर. मिठाच्या."

काळुराम कोपरावर उठला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "मिठाच्या? अगो, आगरात जन्मलीस ना तू? मीठ पानी धरतं, गोनी खचंल, लोखंड सडंल! तुझ्या बापानं शिकवलं काय तुला?" त्याला खोकला आला. खोकता खोकता तो बोलतच राहिला. बोलून बोलून घसा सुकला तेव्हा पाणी मागितलं, आणि पाण्यामागून नकळत अर्धी भाकरी खाल्ली.

सगुणा गुपचूप बसून होती. चेहरा पडलेला, पण मनात लख्ख उजेड पडला होता. हा चिडला की जेवतो.

मग काय विचारता! दर रविवारी ती भाकरीबरोबर एक चूक बांधून न्यायची. एकदा सांगितलं, गोण्या काढल्या आणि हँडलला दोर बांधून गाडी आढ्याला टांगली. काळुराम उठून बसला. एक भाकरी. पुढच्या रविवारी, साखळीला ग्रीस नव्हतं म्हणून सुकटीचं उरलेलं तेल लावलं. "मांजरं चाटतील गो बाई, मांजरं!" दोन भाकऱ्या. त्या रागाच्या भरात तो आठवडाभर इस्पितळाचं जेवणही संपवायचा. मग चाक धुवायला खाडीचं पाणी वापरलं. त्या दिवशी तो खाटेवरून खाली उतरला, नर्सबाईकडून कागद-पेन्सिल मागून आणली आणि गाडीचं चित्र काढून दाखवलं. ओंडका इथं, दोर इथं, वासा इथं. सगुणानं चित्र बघितलं. अगदी तिनं केलं होतं तसंच. तिनं ते घडी घालून चोळीत ठेवलं आणि वेड्यासारखं तोंड करून विचारलं, "म्हंजे वासा उभा लावायचा काय?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कपाळावर हात मारायचा. "कसली बाई केलीस रे काळुराम!"

बोल खावे लागले, खाल्ले. पुलावरून परतताना कधी कधी तिला वाईटही वाटायचं. माहेरी उघाडी उचलणाऱ्या पोरीला सगळं इस्पितळ अडाणी समजत होतं. पण रात्री मोजून ठेवल्यासारखं आठवायचं, आज दोन खाल्ल्या, आज ताक प्यायले, आणि वाईट वाटणं विरून जायचं. गोपीनाथला तिनं दम भरला होता, "तितं गेलात तर गाडीबद्दल अवाक्षर काढू नका." तोही शहाणा, गप्प राहिला.

सात महिन्यांनी काळुराम घरी आला. पाय लटपटत होते, पण स्वतःच्या पायांवर. आधी घरातसुद्धा शिरला नाही, थेट पडवीत गेला. "दाखव, काय काय वाट लावलीस."

गाडी ओंडक्यांवर उभी होती. दोन्ही बाजूंना दोर ताणलेले, टायर पुसलेले, साखळीला ग्रीस. त्यानं वाकून खालून हात फिरवला. कुठं गंजाचा कण नाही. ओंडक्यांखाली जमिनीत त्यांच्या खोल खुणा बसल्या होत्या, महिनोन्‌महिने न हलल्याच्या. मागचं चाक बोटानं ढकललं, तर ते मुकाट गरगर फिरत राहिलं. चाक थांबल्यावर तो सगुणाकडे वळला.

"गोन्या कुठायत?"

"कुठल्या गोन्या?"

"सुकटीचं तेल?"

"ते कालवनात गेलं. तुमीच खाल्लंत."

काळुराम ओट्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले आणि भरले म्हणून त्याला रागही आला. "सात म्हैने! सात म्हैने मना येड्यात काढलंस? सगळ्या इस्पितळात माझी बायको येडी म्हनून मी—"

"झाला राग?" सगुणा दारातूनच म्हणाली. चुलीवर तवा तापत होता.

काळुराम डोळे पुसून म्हणाला, "तीन टाक."