सुया आणि शामला मारलेली हाक

टोकावड्याजवळ विहीर खणताना कड कोसळली. त्यात जोडीचा तरणा मजूर शाम गेला. देवजी गळ्यापर्यंत गाडला गेला, पण वाचला. त्याला वर्ष होत आलं, तरी कुठे खडी ओतल्याचा आवाज आला की देवजीच्या अंगाला कापरं भरायचं, तोंडात मातीची चव यायची. दार लावलेल्या खोलीत तो बसत नसे. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे.

त्यातून एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. 'शाम, पहार घेऊन खाली ये रे,' अशी हाक आपणच मारली, म्हणून तो उतरला, हे त्याच्या मनाने धरून ठेवलं होतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. लेक अपेक्षा शहापूरला दुकानात कामाला होती. तिने त्याला तिथल्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडे नेलं.

"गोळ्या सोडायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "ह्याने कुणाला आराम पडतो, कुणाला नाही. खात्री मी देत नाही."

दार उघडं ठेवून त्यांनी दोन्ही कानांना केसासारख्या बारीक पाच-पाच सुया टोचल्या. पहिल्या दोन खेपांना काहीच झालं नाही. तिसऱ्या बुधवारी मात्र अंग सैल पडलं आणि देवजीला झोप लागली. झोपेत शाम दिसला. हातात पाण्याची बाटली घेऊन तो आपणहून उतरत होता. "काका, पाणी घ्या."

जागा झाल्यावर देवजीने विचारलं, "बाई, सुया लावल्या की खोटं पण आठवतं का वो?"

बाई सुया काढत होत्या. "ते मला नाही सांगता यायचं, काका. मन निवलं की काहीबाही वर येतं. ते तसंच घडलेलं असेलच असं नाही."

एसटीत देवजीचं डोकं चालेना. हाक कानात तशीच होती, बाटलीही डोळ्यांपुढे होती. दोन्ही खरं कसं असेल? की दोष टळावा म्हणून आपणच बाटली रचली?

घरी न जाता तो शामच्या बायकोकडे गेला. सारिका ओट्यावर नाचणी पाखडत होती. त्याने तिला सुयांचं सांगितलं, मग दोन्ही सांगितलं, हाकही आणि बाटलीही. तिचं सूप थांबलं.

"मी तिथं नव्हते, काका," ती म्हणाली. "बाटली यांनी घरून भरून नेली होती, एवढंच मला म्हाईत."

"मग मी बोलावलं का नाय?"

"मला नाय सांगता येत." तिने नाचणीवरून हात फिरवला. "सुया लावल्यावर झोप लागली तुमाला?"

"लागली. अर्धा तास."

"मग बुधवारी मला पण न्या. मी पण रात्रभर जागीच असते."

हिला राग कसा आला नाही, हे देवजीला कळेना.  त्याने नुसती मान हलवली आणि सकाळची गाडी किती वाजता लागते ते तिला सांगितलं.