शिट्टीचं माहेर

मी ट्रकचा टर्बो बोलतोय. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. भरलेला ट्रक चढाला लागला की धडधडीच्या मागून एक बारीक, लांब शिट्टी येते ना? ती ड्रायव्हर वाजवत नाही. ती मी.

काम माझं साधं. इंजिन जो धूर टाकून देतं, त्याच्या झोतावर माझा एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा आहे, तो बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या घशात कोंबतो. टाकाऊतून कामाचं काढायचं, एवढंच. शिळ्याचं ताजं करणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

मी मात्र या ट्रकबरोबर जन्मलेलो नाही. पहिला टर्बो गेला तेव्हा मला बाजारातून आणून बसवला. सावत्र म्हणा हवं तर. खोक्यावर सिंहाचं चित्र होतं, खाली ‘उत्तम दर्जा’ असं छापलेलं, आणि गावाचा पत्ता नाही. जन्माच्या वेळचं मला एवढंच अंधुक आठवतं: कुणीतरी मला यंत्रावर चढवून गरगरा फिरवलं, थांबवलं, पंख्याच्या नाकाशी नखाएवढा धातू खरवडला आणि परत फिरवलं. असं करत करत माझा तोल जमवला. मग तेलकट कागद, मग खोकं, मग अंधार.

वस्तादनं, म्हणजे ट्रकच्या मेकॅनिकनं, मला बसवताना नाक मुरडलं होतं. बाजारचा माल, सहा महिने टिकला तरी पुष्कळ म्हणाला. मी वर्षानुवर्षं पळालो. सावत्राला जरा जास्तच पळावं लागतं.

ट्रक ड्रायव्हरचा स्वतःचा. त्याच्या बायकोला गल्लीत सगळे रेडिओकाकू म्हणायचे, कारण कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे त्या त्या घरच्यांच्या आधी तिला कळायचं. माझी शिट्टी तर तिला कोपऱ्यावरूनच ओळखू यायची. ऐकली की उठून चहाचं आधण ठेवायची. ड्रायव्हर दारात, कप हातात, असा हिशेब. एकदा दुसराच ट्रक चालला होता आणि कुणीतरी म्हणालं, आले बघा तुमचे. काकू जागची हलली नाही. म्हणाली, आमची शिट्टी शेवटाला जरा लाजते. तेव्हापासून मी खरंच लाजू लागलो.

पण एका शिट्टीनं तिचं डोकं उठायचं. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये एक बाई एकटीच काहीतरी कारखाना चालवायची. दिवसभर मधूनच सूंऽऽ असा आवाज. काकूनं सुरुवातीला दोन-तीनदा दारावरून हाका मारल्या, ओळख करून घ्यावी म्हणून. बाईनं मान वर केली नाही. तिच्या कानांवर आवाज अडवायच्या दोन वाट्या चढवलेल्या असायच्या. काकूला ते शिष्टपणाचं लक्षण वाटलं. तिनं बाईचं नाव ठेवलं कानझाकी, आणि घरोघर फिरून कारखाना हलवावा म्हणून सह्या गोळा केल्या. कानझाकीला नगरपालिकेकडून महिनाअखेर जागा सोडायची नोटीस आली. काकू त्या दिवशी फार खुशीत होती.

त्याच सुमाराला माझे बेअरिंग झिजले. निळा धूर येऊ लागला. वस्तादनं ट्रकमधून माझा दांडा आणि पंखे काढले आणि दुसरा नवा आणून बसवला. तो मांजरासारखा ओरडला आणि आठवड्यात गेला. तिसरा तेल प्यायला लागला. वस्ताद म्हणाला, जुना अजून जगेल, पण ज्यानं बनवला त्याच्याच हाताला लागला तर. ते हात कुठले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्रक दारात उभाच्या उभा. शेवटी ड्रायव्हर म्हणाला की ट्रक विकून टाकतो आणि दुसऱ्याच्या गाडीवर लांबच्या फेऱ्यांना जातो. मग घरी येणं सहा महिन्यांतून एकदा.

काकू हातातली भाजी तशीच ठेवून उठली. “कुणी बनवलाय ते शोधलं तर?”

“शोध की,” ड्रायव्हर म्हणाला. “कुणाच्या घरी काय शिजतंय ते तुला फोडणीच्या आधी कळतं. हा तर लोखंडाचा तुकडा आहे.”

तर असा मी बाजाराच्या पिशवीत बसून माझं माहेर शोधायला निघालो. पहिल्यांदा तिच्या सख्ख्या भावाचं स्पेअर पार्टचं दुकान. मला त्यानंच विकलं होतं. तो म्हणाला, बाहेरचा माल आहे, ताई.

“बाहेरचा म्हणजे कुठला?”

“म्हणजे दुकानाच्या बाहेरचा. मला काय माहीत?”

त्यानं ठोक व्यापाऱ्याकडे पाठवलं. व्यापाऱ्याच्या गोदामात पाहिलं तर सिंहाची खोकी एका ढिगात, गरुडाची दुसऱ्या, आणि एकाच टोपलीतला माल दोन्हींत भरणं चाललेलं. काकूनं गोड बोलून पाहिलं, ओळखी काढून पाहिल्या, कामगारांशी गप्पा मारून पाहिल्या. व्यापारी हसून म्हणाला की पंखे एकीकडे ओततात, दांडे दुसरीकडे होतात, आणि जोडून तोल कोण जमवतं ते सांगितलं तर मी विकू काय? आयुष्यात पहिल्यांदा काकू बातमीविना परतली.

घरात पाऊल टाकते तोच भिंतीपलीकडून सूंऽऽ. सगळा राग तिकडे वळला. पिशवी हातात तशीच ठेवून ती तरातरा निघाली ती थेट शेडमध्ये.

आत पाहते तर टेबलावर ट्रे, आणि ट्रेमध्ये माझी भावंडं ओळीनं निजलेली. प्रत्येकाच्या नाकाशी चंद्रकोरीसारखी एकच बारीक खरवड. काकूला भांडणापेक्षा डोकावण्याची हौस जास्त, म्हणून ती वाकली. पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि भावंडांशेजारी धरलं.

कानझाकीनं कानांवरच्या वाट्या उतरवल्या. मला हातात घेतलं, अंगठ्याचं नख त्या खरवडीवरून फिरवलं. ती बोटं मी ओळखली, तेलाचा वासही तोच.

“हा माझा,” ती म्हणाली. “केवढा थकलाय.”

काकू कोपऱ्यातल्या बांधलेल्या खोक्यांकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, “सह्या मी गोळा केल्या होत्या.”

“माहीत आहे. भिंत माझ्याही बाजूनं पातळच आहे.”

“मी हाका मारल्या होत्या. तुम्ही कधी ओ दिली नाही.”

“वाट्या घातल्या की ढोल बडवला तरी ऐकू येत नाही. तुम्ही आत का नाही आलात?”

दुनियेच्या घरात बिनधास्त शिरणाऱ्या काकूनं पिशवी बाजूला ठेवली. ती खाली बसली. मग दोघी बोलत सुटल्या आणि मी ट्रेमध्ये पडून ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ज्या ज्या दारात सही मागितली होती त्या त्या दारात काकू परत गेली. लोकांनी टोमणे मारायची संधी सोडली नाही. एक आजोबा म्हणाले, रेडिओचं स्टेशन बदललं वाटतं. तिनं सगळं निमूट ऐकलं आणि नव्या कागदावर सह्या घेतल्या. तो कागद घेऊन ती स्वतः कचेरीत जाऊन बसली आणि नोटीस मागे घेतल्याशिवाय उठली नाही. ठरलं ते असं: दुपारी लोक झोपतात तेव्हा यंत्र बंद, आणि ड्रायव्हरनं जुन्या ताडपत्र्या दुमडून भिंतीला ठोकून द्यायच्या.

ताडपत्र्या ठोकायच्या आदल्या दिवशी माझी पाळी आली. नवे बेअरिंग, नवे सील. कानझाकीनं मला यंत्रावर चढवून फिरवलं, नाकाशी कणभर खरवडलं, परत फिरवलं. मग माझी शिट्टी चढत गेली आणि शेवटाला जरा लाजली.

भिंतीपलीकडे काकू ताडकन उठली आणि आधण ठेवायला धावली.

“अगं,” खाटेवर पडलेला ड्रायव्हर म्हणाला, “मी घरातच आहे.”

ती ओशाळली, पण आधण उतरवलं नाही. एक कप त्याला दिला आणि एक भिंतीपलीकडे घेऊन गेली.

आता मी परत ट्रकमध्ये आहे. माझ्या खोक्यावर नाव नव्हतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तुमच्या भिंतीपलीकडून कसला आवाज येत असेल तर एवढं ऐका माझं: सह्या गोळा करण्याआधी एकदा आत जाऊन या. निदान काय बनतंय ते तरी बघा.

बरं, निघतो. चढ संपला, कोपरा आला. आता शिट्टी वाजवायची आहे, आणि तिकडे दोन घरांचा चहा खोळंबलाय.