कण्हेरीची छाटणी

नसीरला वीस वर्षांत एकही शेळी कण्हेरीला तोंड लावताना दिसली नव्हती. भुशीकडच्या बंगल्यांना कुंपणाला कण्हेर लावतात ती काय फुलांसाठी? छे. जनावर खात नाही म्हणून लावतात. पान चावलं की कडूजहर लागतं, शेळी थुंकते आणि पुढं जाते. हे सगळ्या माळ्यांना ठाऊक असतं, आणि नसीर तर त्यांच्यातला जुना माणूस.

म्हणूनच त्या सोमवारी तो कामाला असलेल्या बंगल्याचं कुंपण छाटल्यावर फांद्यांचा ढीग त्यानं सरळ भिंतीपलीकडे टाकला. नेहमी तो छाटण खड्ड्यात पुरायचा. पण खड्डा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, ऊन मे महिन्याचं, त्यात कंबर धरलेली. कंटाळा केला गड्यानं. दुसरं कारण शोधू नका, तोही शोधून दमला.

चार दिवसांत फांद्या सुकल्या. सुकलेल्या कण्हेरीचा कडूपणा शेळीच्या जिभेला फारसा कळत नाही, विष मात्र तसंच राहतं. त्या दिवसांत डोंगरावर हिरवी काडी नसते. शुक्रवारी सकाळी सरुबाईच्या तीन शेळ्यांनी तो ढीग निवांत खाल्ला.

सरुबाईचं घर बंगल्याच्या खालच्या अंगाला. नसीर दुपारचा डबा तिच्याच ओट्यावर खायचा, तिला मावशी म्हणायचा. तिची सून प्रेरणा त्याला चाचा म्हणायची, न मागता ताक आणून ठेवायची. शुक्रवारी तो डबा घेऊन उतरला तर अंगणात दोन शेळ्या मरून पडलेल्या. तिसरी, प्रेरणानं परंदवडीहून माहेरची म्हणून आणलेली काळी, पाय झाडत होती. जनावरांचे डॉक्टर नुकतेच गाडीवरून उतरले होते.

"जरा पाय धरा हिचे," डॉक्टर म्हणाले. नसीरनं धरले. धरताना त्याला काळीच्या ओठाला चिकटलेलं पान दिसलं. लांबट, निमुळतं, सुकून पिवळं पडलेलं. कण्हेरीचं.

"काय खाल्लं होतं?"

"काल शेजारच्या बारशाचा उरलेला भात घातला हिनं," सरुबाईनं सुनेकडं बोट केलं. "मी म्हनत व्हते, लय घालू नगं."

"एकच ओंजळ घातला होता, आत्या," प्रेरणा म्हणाली.

"भाताशिवाय दुसरं काही? नीट आठवा. त्यावर औषध ठरतं."

डॉक्टरांनी सगळ्यांकडं पाहिलं, नसीरकडंही. नसीरनं एक हात सोडवला. मग अंगठ्यानं ते पान पुसलं आणि मातीत ढकललं. हो, हेही केलं त्यानं. डॉक्टरांनी भात बाधल्याचं औषध दिलं. अर्ध्या तासात काळी गेली.

त्याच संध्याकाळी त्यानं उरलेला ढीग उचलून खड्ड्यात पुरला. आता कंबर दुखली नाही.

शनिवारी, रविवारी, सोमवारी तो ओट्यावर बसला तेव्हा सरुबाईचं तोंड चालूच होतं. भरली दावण रिकामी केली हिनं, माझ्या हातची जनावरं खाल्ली हिनं. प्रेरणा खाली मान घालून भांडी घासायची. एकदा तर नसीर स्वतःच म्हणाला, "भातानं पोट फुगतं, मावशी. होतं असं." लाज वाटली त्याला, पण शब्द निघून गेला होता.

मंगळवारी सरुबाईनं सांगितलं, "उद्या आमचा माऊली तिला माहेरी, परंदवडीला सोडून येतोय."

"किती दिवसांसाठी?"

"बघू."

घरी येऊन त्यानं बायकोला, ताजुन्निसाला, सगळं सांगून टाकलं. ती पीठ मळत होती. हात थांबवून तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमच्या वाट्याचं ती पोर ऐकून घेतेय, आणि तुम्ही तिच्यासमोर बसून जेवता?"

तिथूनच तो डॉक्टरांकडं गेला, विचारायचं ते विचारून आला.

बुधवारी सकाळी ओट्यावर प्रेरणाची पिशवी भरून ठेवलेली. तिचा नवरा माऊली गाडी पुसत होता. नसीर उभ्याउभ्याच बोलला, बसलो तर धीर जाईल म्हणून. "मावशी, भातानं नाही मेल्या. कण्हेर खाल्ली त्यांनी. भिंतीमागं मी टाकलेली. काळीच्या तोंडात पान होतं, ते मी लपवलं."

सरुबाई खालीच बसली. "मंग त्या डाक्टरला का न्हाई सांगितलंस?"

"घाबरलो."

ती हात टेकून उठली आणि सुनेची पिशवी उचलून उंबऱ्याकडं निघाली. "चल गं आत. च्या टाकते."

प्रेरणा हलली नाही. "चाचा, तेव्हाच सांगितलं असतं तर काळी वाचली असती?"

खोटं बोलायला जागा होती. त्याला मोहही झाला. पण डॉक्टरांनी सांगितलेलं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं: वेळेत कळलं असतं तर कोळशाची पूड पाजली असती, इंजेक्शन दिलं असतं, काळी तरी बहुतेक उठली असती.

"बहुतेक वाचली असती," तो म्हणाला.

प्रेरणानं मान डोलावली. सासूच्या हातातून पिशवी हळूच सोडवून घेतली आणि माऊलीच्या मागं गाडीवर बसली.

"आता कशाला जातीस?" सरुबाई म्हणाली. "तुजी चूक न्हवती, कळलं की."

"तुम्हाला आज कळलं, आत्या. पाच दिवस मलाही वाटत होतं, मीच मारल्या." मग ती नसीरकडं वळली. आवाज चढला नव्हता. "आणि तुम्ही समोर बसून बघत होता."

माऊलीनं आईकडं पाहिलं. आईनं काही सांगितलं नाही, तेव्हा त्यानं गाडी सुरू केली. नसीर माफी मागायला आला होता. गाडी उतारावरून दिसेनाशी झाली आणि माफी राहूनच गेली.