औषधाच्या वासाने येणारं भूत

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे बाळंतिणी, मागे त्यांच्या सासवा नि आया, आणि व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र वस्त्रांतल्या, भूतं उतरवणाऱ्या शुभ्रामाता.

"प्रसूतीच्या खोलीत मेलेली बाई हिच्या मानगुटीवर बसलीय!" असं गरजून त्यांनी समोरच्या बाळंतिणीच्या तोंडावर फडकं टाकलं आणि स्टीलच्या ताटात चिमटा खणकन आपटला. ती थरथरली, "सोडा मला!" म्हणून किंचाळली. लोकांनी पटापट हात जोडले.

तिची नणंद, पेशाने दातांची डॉक्टर, मागे दात-ओठ खात उभी होती. बाळंतपणापासून वहिनी झोपेतून ओरडत उठायची. भाऊ चांगला शिकलेला. पण अडला हरी, धरले यांचे पाय.

"भूत उतरेपर्यंत बाळ आईजवळ नको. माझ्या आश्रमात राहील," शुभ्रामातांनी फर्मावलं. भाऊ बाळ घेऊन उठलासुद्धा.

"दादा, थांब!" नणंद व्यासपीठावर चढली. तिने वहिनीच्या तोंडावरचं फडकं ओढून हुंगलं. दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा वास! "या वासाने धट्टेकट्टे गडी माझ्या खुर्चीत बसण्याआधीच घामाघूम होतात. त्यांच्या मानगुटीवर कोण बसतं? दाढ?"

कुणीतरी फिसकन हसलं. वहिनीला विचारून नणंदेने आपली धुतलेली ओढणी तिच्या तोंडावर टाकली आणि ताट-चिमटा काढून घेतला. "बोलवा आता भूत."

शुभ्रामाता घुमल्या, पुटपुटल्या, घशाला कोरड पडेपर्यंत ओरडल्या. वहिनी शांत बसून होती.

"वहिनी, हा वास, हा ताट-चिमट्याचा आवाज बाळंतपणाच्या खोलीतलाच ना? यांना कसं कळलं?"

"यांनीच विचारलं, एकटीला बसवून. त्या खोलीत काय ऐकलंस, कसला वास आला... ताई, माझे पाय दाबून धरले होते. रक्त थांबत नव्हतं. वाटलं, मेले मी. आणि घरी सगळे म्हणाले, बाळ छान आहे ना, मग रडतेस कशाला?"

नणंदेला किळस आली. कुठे दुखतं ते गोड बोलून विचारायचं आणि चारचौघांत नेमकं तिथेच बोट खुपसायचं!

"शी! लाज वाटू द्या!" ती शुभ्रामातांवर ओरडली. मग लोकांकडे वळली. "पण ही दुकानं आपल्यामुळे चालतात. बाळाचं वजन विचारतो, आईला काय झालं ते कुणी विचारत नाही. मरणाची भीती शरीर विसरत नाही. तसाच वास, तसाच आवाज आला की पुन्हा थरथरतं. ही बाधा नाही, जखम आहे. ती मनाच्या डॉक्टरला दाखवा. वेळ लागतो, पण बरी होते."

"बाळ इकडे द्या," वहिनी नवऱ्याला म्हणाली. त्याने मान खाली घालून दिलं.

शुभ्रामातांनी रांगेतल्या पुढच्या बाळंतिणीला खूण केली. ती उठली नाही. "आई, त्या खोलीत माझं काय झालं, ते तुम्हीच ऐका ना," ती सासूला म्हणाली.

"सांग," सासू म्हणाली आणि व्यासपीठाकडे पाठ करून बसली.