रेटायला कुणीतरी हवं

डोळे मिटून घ्या पाहू. आता एक मुलगी मनात आणा, इतकी उंच की स्वयंपाकघरात येताना तिला मान वाकवावी लागते. बाहेर मक्याच्या शेतांवर गुडघाभर बर्फ आहे, आणि आत, कॉलेजच्या हॉलमध्ये, ही मुलगी बास्केटखाली उभी आहे. तिची पाठ बास्केटकडे आहे. मागे तिच्याएवढीच दुसरी एक मुलगी सगळी ताकद लावून तिला बाहेर रेटते आहे. हिने हलायचे नाही. चेंडू हातात येईपर्यंत पाय रोवून उभे राहायचे.

दिसली? तिचे नाव ग्रेटा. या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूला सेंटर म्हणतात. लोकांना वाटते, उंच असले की झाले सेंटर. तसे नसते. सेंटरचे निम्मे काम पाठीने होते, आणि टाळ्या पडतात त्या उरलेल्या निम्म्या कामाला.

ग्रेटाची धाकटी बहीण नेल दहा वर्षांची होती. ताईचे कॉलेजमधले सगळे सामने तिने तिसऱ्या रांगेतून, बाबांच्या शेजारी बसून पाहिले होते. बाबा दुधाचा टँकर चालवत. सामना असला की पहाटे लवकर निघत, आणि संध्याकाळी कपडेही न बदलता थेट हॉलवर येत.

पहिल्या वर्षी ग्रेटा बाकावरच बसली. सामन्यात खेळायची ती चौथ्या वर्षाची जनेल. ग्रेटाच्या वाट्याला सरावातले जनेलचे धक्के तेवढे यायचे. रविवारी चर्चहून येऊन सगळे जेवायला बसले की ग्रेटा बाही वर करून नेलला दंडावरचे निळे डाग दाखवायची. हा मंगळवारचा, हा परवाचा. आई म्हणायची, ताटावर बसून हे काय दाखवतेस. पण इतर मुली नवे कानातले दाखवतात तशी ग्रेटा ते डाग दाखवायची.

दुसऱ्या वर्षी जनेल गेली आणि ग्रेटा तिच्या जागी उभी राहिली. सुरुवातीला तिच्याहून बुटक्या मुलीही तिला ढकलून बाहेर काढत. त्याला कारण होते. ग्रेटा लहानपणापासून जागा अडवल्याबद्दल माफी मागत आली होती. शाळेच्या फोटोत तिला कायम मागे उभे करत, चर्चच्या बाकात तिचे गुडघे पुढच्यांच्या पाठीला लागत, आणि मावशी दरवेळी म्हणायची, अगं, आता पुरे झालं वाढणं. मैदानावरही कुणाला धक्का लागला की तिच्या तोंडून आधी "सॉरी" निघे. कोच बेव यांनी एकदा सराव थांबवून तिला सगळ्यांसमोर सांगितले, "ग्रेटा, एवढीच एक जागा आहे जिथं तू जागा अडवावीस म्हणून आम्ही तुझ्या मागे लागलोय. अडव."

त्या दिवसापासून ती अडवायला लागली. तिसऱ्या वर्षी तर गावातले लोक तिला बघायला येऊ लागले. नेल शाळेत "ग्रेटाची बहीण" झाली.

मिझुरी नदीपलीकडे, नेब्रास्कातल्या एका कॉलेजात ट्रिना होलुब नावाची सेंटर होती. दोघी एकाच वर्षाच्या. ग्रेटा खेळायला लागल्यापासून दर हिवाळ्यात त्यांची गाठ पडायचीच, आणि पडली की दोघी बास्केटखाली म्हशींसारख्या भिडायच्या. भिडता भिडता बोलायच्याही. ट्रिना म्हणायची, "आज दूध प्यायली नाहीस वाटतं." ग्रेटा म्हणायची, "प्यायले. तुझ्या वाटचंही." नेलला ट्रिना मुळीच आवडत नसे. तिच्या नखाने एकदा ग्रेटाची हनुवटी सोलवटली होती. ट्रिनाने चेंडू घेतला की नेल उभी राहून हुर्यो करायची आणि बाबा तिचा स्वेटर ओढून तिला खाली बसवायचे.

मग चौथे वर्ष आले. जानेवारीतल्या एका सामन्यात ग्रेटा चेंडू धरायला वर गेली, उतरताना तिचा पाय कुणाच्या तरी बुटावर पडला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि सांगितले, चालशील, सायकलही चालवशील, पण हा खेळ संपला.

तेव्हापासून सगळे तिच्याशी फार जपून वागू लागले. लोक धावत येऊन तिच्यासाठी दार उघडत. चर्चमधल्या बायका जेवणाने भरलेली भांडी आणून देत. संघातल्या मुली तिला मिठी मारायच्या तेही काचेचे भांडे उचलावे तसे. ग्रेटा सगळ्यांचे आभार मानायची आणि सामन्याच्या वेळी स्वेटर घालून बाकाच्या टोकाला बसायची. तिचे डोळे चेंडूमागे जात नसत. ते बास्केटखाली दोन सेंटर एकमेकींना रेटत असत तिथेच खिळलेले असत. नेलला हे तिसऱ्या रांगेतून दिसायचे, पण त्याचा अर्थ कळत नसे.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना म्हणजे चौथ्या वर्षाच्या मुलींचा निरोप. त्या आईवडिलांच्या हातात हात घालून मैदानाच्या मधोमध जातात, फुले घेतात, आणि मग खेळ सुरू होतो. यंदा तो सामना ट्रिनाच्या कॉलेजशी होता. कोच बेव यांनी तिकडच्या कोचना फोन केला आणि दोघींनी ठरवले, जसे त्या भागात जखमी मुलीसाठी कधी कधी ठरवतात: सुरुवातीचा चेंडू ग्रेटाला द्यायचा, तिने बास्केट करायची, कुणी अडवायचे नाही. मग पलीकडच्यांनाही तशीच एक करू द्यायची. म्हणजे बरोबरी झाली, आणि त्यानंतर खरा सामना.

ही बातमी कळली तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. ग्रेटा "बरं" म्हणाली. नंतर गाडीवरचा बर्फ खरवडताना ती नेलला म्हणाली, "सगळे हात खाली सोडून उभे राहणार आणि मी एकटी चेंडू टाकणार. हे काय खेळणं झालं?"

"मग नको म्हण ना."

"बाबांचं तोंड बघितलंस?" ग्रेटाने काचेवरचा बर्फ जोरात ओढला. "मला खरं खेळायचं होतं, नेल. एक चेंडू. एकच पुरला असता."

त्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. ग्रेटा आईबाबांबरोबर मधोमध जाऊन आली, फुले आईकडे दिली, आणि गुडघ्याला जाड पट्टा बांधून बास्केटखाली उभी राहिली. पंचाने चेंडू तिच्या संघाला दिला. एका मुलीने तो हलकेच ग्रेटाच्या हातात दिला. दहाही जणी जागच्या जागी थांबल्या होत्या. बँडही गप्प झाला. ट्रिना ग्रेटाच्या मागे, हात खाली सोडून उभी होती.

ग्रेटाने चेंडू टाकला नाही. तिने मान वळवली आणि म्हणाली, "हात वर कर."

हॉल इतका शांत होता की नेलला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कोचनी खाली ठेवायला सांगितलेत," ट्रिना म्हणाली.

"मग मी कुणावरून टाकू? हवेवरून?"

ट्रिनाने आपल्या कोचकडे पाहिले, पंचाकडे पाहिले. मग तिने दोन्ही हात सरळ वर केले. ग्रेटाने चांगल्या पायावर भार दिला, खांदा वळवला आणि डोक्यावरून, एका हाताने, ट्रिनाच्या बोटांवरून चेंडू सोडला.

चेंडू कडीवर आपटला, कडीभोवती अर्धा फिरला आणि बाहेर पडला.

आणि आता जे झाले ते सेंटरच्याच हातून व्हावे असे झाले. चेंडू कडीवर आपटल्याचा आवाज आला आणि ट्रिनाच्या अंगाने चार वर्षांची सवय पाळली. ती गर्रकन वळली, पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि आपली रुंद पाठ ग्रेटाच्या पोटात घालून तिला मागे रेटले, चेंडूपासून दूर. ग्रेटा दोन पावले मागे गेली.

सगळ्या हॉलने एकदमच श्वास ओढला. बाबा उभे राहिले. नेलच्या मुठी वळल्या. कडीवरून उसळलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, ट्रिनाच्या हातात आला आणि तेव्हा कुठे आपण काय केले ते तिच्या ध्यानात आले. तिचा चेहरा पांढरा पडला.

पण ग्रेटा पडली नव्हती. तिने दोन्ही पाय रोवले होते, एक हात ट्रिनाच्या कमरेशी टेकला होता आणि ती उलटी रेटत होती. तिच्या चेहऱ्याकडे नेल बघतच राहिली. जानेवारीपासून तो चेहरा तिने पाहिला नव्हता. रविवारी ताटावर निळे डाग दाखवणारा चेहरा होता तो.

"अगं, माझं लक्षच..." ट्रिना पुटपुटली, आणि चेंडू तिला परत देऊ लागली. पंचही पुढे आला, म्हणाला, पुन्हा टाकायला हरकत नाही.

"नको," ग्रेटा म्हणाली. "चुकला तर चुकला. रिबाउंड तिचा आहे." मग ट्रिनाला, हळूच, "जड झालीस ग."

ट्रिनाने डोळे पुसले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन तिच्या संघाची ठरलेली बास्केट केली. ती मात्र आत गेली. म्हणजे ग्रेटाच्या संघाचा सामना दोन गुणांच्या पिछाडीवर सुरू झाला, आणि बाबांच्या शेजारचे म्हातारे काका कुरकुरले की फुकट मिळालेले दोन गुण पोरीने घालवले.

ग्रेटा लंगडत बाकावर आली. तिने स्वेटर चढवला, आणि खेळ सुरू झाला तसे तिचे डोळे पुन्हा बास्केटखाली गेले. तो चेहरा हळूहळू मावळला. नेलने तो मावळताना पाहिला.

अर्धा सामना संपला. खेळाडू खालच्या खोलीत गेले. जिना उतरायचा नको म्हणून ग्रेटा बाकावर एकटीच बसून राहिली. तिथून जाणाऱ्या एका बाईने तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि तितक्याच हलकेच उचलला.

नेल उठली. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती खाली उतरली आणि ताईसमोर जाऊन उभी राहिली. ग्रेटाला वाटले, ही आता मिठी मारणार. नेलने मिठी मारली नाही. तिने ताईकडे पाठ केली, पाय फाकवले, गुडघे वाकवले, आणि अंगातली होती नव्हती ती सगळी ताकद लावून तिला मागे रेटायला लागली.