माझ्या वाट्याचं तेल

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, दोनच माणसांची, आणि मी तेल पिते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आयुष्यभर लोकांनी माझ्याबद्दल हीच गोष्ट कुजबुजत सांगितली आणि हीच गोष्ट कोणाला नीट कळली नाही. पेट्रोल तर सगळ्याच मोटारींना लागतं. मी त्याच्याबरोबर थोडं इंजिनातलं तेलही जाळते. तो माझा आजार नव्हता. मला घडवलंच तसं होतं.

१९८१ साली जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. इतर मोटारींच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. माझ्या इंजिनात पिस्टन नाहीतच. तिथे दोन तिकोनी लोखंडी चकत्या गरगर फिरतात. त्यांच्या टोकांना बारीक पात्या बसवलेल्या असतात आणि त्या सतत भिंतीला घासत राहतात. त्या कोरड्या पडू नयेत म्हणून एक लहानसा पंप दोन बारीक नळ्यांतून थेंब थेंब तेल आत सोडतो. ते तेल पात्यांना ओलं करतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणून दर दुसऱ्या टाकीला माझं तेल बघायचं आणि कमी झालं असेल तेवढं ओतायचं. माझं मागणं एवढंच होतं.

त्रिंबकने मला मस्कतमध्ये विकत घेतलं. तो घनसावंगीजवळच्या एका वस्तीवरचा. वडील मेंढरं राखायचे आणि हा मस्कतच्या बंदरावर क्रेन दुरुस्त करायचा. १९८८ साली कायमचा परत येताना त्याने मला बोटीने मुंबईला आणलं आणि तिथून स्वतः चालवत घरी आणलं. त्याची आई सखूबाई माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "यात ना सरकी बसायची, ना बकरं. कशाला आनलीस?"

"गोपिकाला बसवाया," तो म्हणाला. म्हातारी हसू दाबत घरात गेली.

गोपिकाबाई म्हणजे त्याची बायको. मित्रांनो, मस्कतला गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे माझं स्टिअरिंग डावीकडे. इथे पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नसे. ते दिसे उजव्या सीटवरच्या गोपिकाबाईला. ती मान बाहेर काढून बघायची आणि म्हणायची, "थांबा," किंवा म्हणायची, "चला आता." त्रिंबक तिच्या एका शब्दावर मला ट्रकच्या मागून बाहेर काढायचा. जालन्याच्या रस्त्यावर मी अशी आठ वर्षं धावले आणि मला एक ओरखडाही आला नाही. ते माझे चांगले दिवस होते.

संध्याकाळी माझे दिवे झाकणाखालून वर यायचे, ते बघायला वस्तीवरची पोरं धावत येत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? पण खरा आनंद मला दर पंधरवड्याला मिळायचा. गोपिकाबाई बॉनेट उघडायची, तेल बघायची काडी बाहेर काढायची, जुन्या लुगड्याच्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून बाहेर काढायची आणि उजेडात धरायची. तिला अक्षरं येत नव्हती. काडीवरच्या दोन खुणा मात्र तिला बरोबर कळत. हे काम त्रिंबकने तिच्यावरच सोपवलं होतं. "मी इसरंल," तो म्हणायचा, "तू इसरायची न्हाईस." ती खरंच कधी विसरली नाही.

१९९६ च्या पावसाळ्यात त्रिंबकची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. औरंगाबादच्या दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचं रक्त मशीनवर धुऊन घ्यावं लागे. वस्तीपासून औरंगाबाद शंभर किलोमीटर. मशीनवरून उतरला की त्याला उभं राहवत नसे, मग गाडी कुठून चालवणार? म्हणून त्याचा थोरला भाऊ रायभान मला चालवू लागला. रायभानची स्वतःची जीप होती, घनसावंगी ते जालना माणसं नेणारी. पण जीपच्या बाकावर आजाऱ्याला पडून राहता येत नाही. माझी सीट मागे रेलायची. त्रिंबक उजवीकडे रेलून डोळे मिटून घ्यायचा.

आणि मित्रांनो, माझ्यात दोनच सीटा. गोपिकाबाई मागे राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती तेल बघून माझं बॉनेट बंद करायची आणि धूळ बसेपर्यंत रस्त्याकडे बघत उभी राहायची. आता ट्रक ओलांडताना "चला" म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून रायभान ट्रकच्या मागे मागेच मला हळू चालवी. तो चांगला माणूस होता. पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना हे लक्षात असू द्या.

रायभान डिझेलच्या गाड्यांवर वाढलेला. त्याच्या लेखी मोटारीतून निळा धूर निघाला म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजून गेल्या, आणि रिंगा गेल्या म्हणजे गाडी आज ना उद्या रस्त्यात बसणार. माझ्यामागे थोडासा निळा धूर कायमच असे. घनसावंगीच्या स्टँडवर इतर ड्रायव्हर त्याला चिडवत. "रायभान, तुझी मोटार तं बिडी वढून राह्यली," असं म्हणत. तो वरून हसायचा. पण आजारी भावाला घेऊन निर्जन रस्त्यावर आपण अडकलो तर काय, या भीतीने त्याला झोप लागत नव्हती. त्याने सगळं केलं ते या भीतीपायी.

संक्रांतीनंतर त्रिंबकला आठ दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं. गोपिकाबाई त्याच्याजवळ राहायला गेली. ही संधी साधून रायभानने मला जालन्याला कचरू मिस्त्रीकडे नेलं. कचरू मिस्त्री ट्रॅक्टरच्या इंजिनातला मोठा जाणकार. आवाजावरून रोग सांगायचा. त्याने माझं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ तो आत वाकून शोधत राहिला. त्याला पिस्टनची जागाच सापडेना. हे इंजिन मला कळत नाही, असं त्याने म्हणायला हवं होतं. पण आजूबाजूला चार माणसं उभी होती आणि रायभान त्याच्या तोंडाकडे आशेने बघत होता. मग त्याचं लक्ष त्या दोन बारीक नळ्यांकडे गेलं.

"हे बघा," तो म्हणाला. "तेल हितून जाऊन राह्यलं आत. कोन्या शहाण्यानं जोडलं की हे."

"मंग बंद होईल का?"

"आत्ता करतो की."

त्याने दोन्ही नळ्या काढल्या आणि भोकांत स्क्रू पिळून वरून कथलाचा डाग दिला. माझ्या वाट्याचं तेल त्या दुपारी बंद झालं. मी ओरडले नाही, मित्रांनो. आम्हाला ओरडता येत नाही. उलट त्या दिवशी मी नेहमीपेक्षा स्वच्छ चालले. मागे धूर नाही, वास नाही. रायभान घनसावंगीच्या स्टँडवर मुद्दाम थांबला, सगळ्यांना धुराची नळी दाखवली आणि चहा पाजला. इतकं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. आत मात्र पात्या कोरड्या भिंतीवर घासू लागल्या होत्या.

घरी परत आल्यावर गोपिकाबाईने काडी काढली. तेल वरच्या खुणेवर होतं. पंधरा दिवसांनी काढली, तरी तिथेच. दुसरं कोणी असतं तर खूश झालं असतं. ती काडी हातात धरून माझ्या चाकाशी खाली बसली. तेल लागतं म्हणजे लागतं, हे तिला त्रिंबकने सांगितलं होतं, आणि न लागण्याचं कारण तिला समजत नव्हतं.

आता एक रीत सांगते. आमच्या वस्तीवर सून भासऱ्यासमोर बोलत नसे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढे पदर ओढून घ्यायचा आणि काही सांगायचंच असेल तर दाराआडून सासूला सांगायचं. रायभान अंगणात बाजेवर बसला होता. गोपिकाबाई दाराआड उभी राहिली. सखूबाई उंबऱ्यावर गहू निवडत होती.

"आत्याबाई, त्यान्ला म्हना, मोटारीचं तेल कमीच होईना," गोपिकाबाई म्हणाली. "ह्यांनी सांगितल्तं, तिला तेल लागतं म्हनून."

"रायभान, ती म्हनती, मोटारीला तेल लागतं," सखूबाई म्हणाली.

"लागत होतं," रायभान हसला. "आता न्हाई लागत. म्या दुरुस्त करून आनली. बिलकुल बरी झाली. तिला म्हना, त्रिंबकची काळजी घे, मोटारीची मी घेतो."

"आसं न्हाई, आत्याबाई..."

पण सखूबाईने मागे वळून आवाज खाली आणला. "पुरं आता. आन त्रिंबकच्या कानी घालू नको. भावाभावांत बोलाचाल झाली तं त्याला सोसायचं न्हाई." म्हातारीचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला दोन लेक होते आणि त्यातला एक चालला होता.

गोपिकाबाई आत वळली. पण त्या संध्याकाळी तिने माझं झाकण उघडून तेल ओतलं, वरच्या खुणेच्याही वर. तिला वाटलं, जास्त असलं तर थोडं तरी आत जाईल. बाई, नळ्याच नव्हत्या ग. तुझं तेल माझ्या पोटात पडून राहिलं आणि चार बोटांवरच्या पात्यांपर्यंत पोचलं नाही. मला त्या वेळी एक शब्द जरी बोलता आला असता, तरी बाकीच्या जन्माचं मुकेपण मी मुकाट्याने सोसलं असतं.

उन्हाळा चढला तशी मी गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करू लागले. रायभानने बॅटरी बदलली. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही जालना सोडून बदनापूरच्या पुढे आलो आणि त्रिंबकला उलटीची उबळ आली. रायभानने मला कडेला घेऊन बंद केलं आणि भावाचं डोकं धरलं. पाणी पाजलं. पुन्हा चावी फिरवली. मी फिरले, पण पेटले नाही. पात्या झिजून गेल्या होत्या, आत दाब धरत नव्हता. त्याने वीस वेळा चावी फिरवली असेल. वरून ऊन ओतत होतं आणि माझं पत्र्याचं छत तव्यासारखं तापलं होतं.

त्रिंबकने डोळे उघडले. तो क्रेन दुरुस्त करणारा माणूस. माझ्या नुसत्या फिरण्यावरून त्याला कळलं.

"दादा," तो म्हणाला, "तेल पाह्यलं होतं का?"

"तेल लागतच न्हाई आता तिला. म्या जानेवारीतच नळ्या बंद करून घेतल्या. धूर बघ बरं, हाये का?"

त्रिंबकने भावाकडे बघितलं. रायभानच्या तोंडावर घाम होता आणि डोळ्यांत शाबासकीची वाट. त्रिंबकने हात उचलून माझ्या डॅशबोर्डवर ठेवला. तो हात किती हलका झाला होता.

"बरं केलंस, दादा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

मी एवढं दुःख कधी ऐकलेलं नाही. त्या माणसाने मरता मरता भावाची चूक पोटात घातली आणि मला तिची एकटी साक्षीदार ठेवलं.

जागा असलेली जीप मिळायला दीड तास गेला. पुढचं मी मागाहून ऐकलं: ते दोघं दवाखान्यात पोचले तेव्हा त्याची मशीनवरची पाळी दुसऱ्याला दिली होती. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊ म्हणाले. सकाळ व्हायच्या आत त्याच्या छातीत पाणी भरलं आणि तो गेला. डॉक्टरांनी उशिराचं नाव काढलं नाही. कदाचित तो तसाही फार दिवस जगला नसता. मी स्वतःची अशी समजूत घालते, पण ती पटत नाही.

मला ट्रॅक्टरच्या मागे बांधून वस्तीवर आणलं. तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि रायभान माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तेव्हा गोपिकाबाई दाराआडून बाहेर आली. सरळ अंगण ओलांडून त्याच्या पुढ्यात आली. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"तिला तेल लागत होतं," ती म्हणाली.

मग ती घरात गेली. त्यानंतरही ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रायभानने तेलाचे दोन डबे आणले. एकट्याने, हाताला चटके बसेपर्यंत तो डाग तापवून स्क्रू काढले, नळ्या जोडल्या आणि डबे माझ्यात रिकामे केले. तेल वर येऊन इंजिनावरून मातीत गळू लागलं, तरी तो ओततच होता. मी सुरू झाले नाही. झिजलेल्या पात्या तेलाने भरून येत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी इथे शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे उभी आहे आणि ते तेल माझ्या पोटात तसंच आहे.

मित्रांनो, मला पुसून लख्ख ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला आता कशाचाच उपयोग नाही. पण तुमच्या घरातलं काही बिघडलं असं वाटलं, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी त्याला रोज हात लावणाऱ्या माणसाला विचारा. ते माणूस दाराआड उभं असेल, तर उठून तिथपर्यंत जा. आमच्या अंगणात त्या बाजेपासून दारापर्यंत फक्त सहा पावलं होती.