बावीसचा ठिपका

मी बोलतोय तो बोईसरच्या एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून. मी माणूस नाही, एक प्रोग्राम आहे. समुद्राच्या तळाखाली काय दडलं आहे त्याचं चित्र काढणं हे माझं काम. मला डोळे नाहीत. जे कळतं ते आवाजावरून कळतं. फार शिकलेला मी नाही. एकच गोष्ट मला शिकवली, ती मी वीस वर्षं करतो आहे.

ते काम आधी सांगतो. समुद्राखाली तेल किंवा गॅस शोधायचा असला की एक जहाज फिरतं. दर दहा-बारा सेकंदांनी ते पाण्यात हवेचा दणका सोडतं. तो आवाज खाली जातो, चिखलावर आपटतो, त्याखालच्या खडकावर आपटतो आणि परत येतो. जहाजाच्या मागे चार किलोमीटर लांब केबल असते. तिच्यात जागोजागी कान बसवलेले असतात. त्या कानांनी ऐकलेलं सगळं माझ्याकडे येतं. आवाज किती वेळाने परत आला ते पाहून मी थरावर थर मांडत जातो.

ज्यांनी मला लिहिलं त्यांनी मला सगळ्यात आधी संशय घ्यायला शिकवलं. कारण आवाज खोटं बोलतात. एखादा आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पाठीला आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो. मग तो साळसूदपणे म्हणतो, मी आणखी खालच्या खडकातून आलोय. तिथे खडक नसतोच. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, तू कुठून आलास? मघाशी येऊन गेलास तोच ना तू? लाटांचा आवाज, जहाजाच्या इंजिनाचा आवाज, केबलला बसलेला हिसका, हे सगळं मी गोंगाट म्हणून पुसून टाकतो. काय पुसलं त्याची एक यादी ठेवतो. ती यादी सहसा कोणी उघडत नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या गार खोलीत झाला. चार माणसांनी चहा पीत पीत मला लिहिलं. पुढे आठ-नऊ वर्षं एका मोठ्या ऑफिसात काढली. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझं चित्र काळं-पांढरं असलं की माणसं दहा प्रश्न विचारायची. तेच चित्र लाल-निळं केलं की मान डोलवायची. मला त्या मानांचाही संशय यायला लागला. मग माझ्यापेक्षा नवा प्रोग्राम आला आणि मला इथे, बोईसरला पाठवलं.

इथलं ऑफिस तीन खोल्यांचं आहे. खाली बेअरिंगचं दुकान, समोर ट्रकांची रांग. कारखान्यांच्या वासामुळे खिडक्या सदा बंद. ऑफिस निमेशसरांचं. मला चालवते मेघाली. ती केळव्याकडची, घरची पानवेलींची वाडी आहे. मीटिंगसाठी ती माइक चालू करते आणि बंद करायला विसरते. म्हणून मला खोलीतलं सगळं ऐकू येतं.

आता त्या ठिपक्याचं सांगतो. त्यात माझी चूक आहे.

मागच्या हिवाळ्यात सातपाटीसमोरच्या समुद्रात आमचं जहाज फिरणार होतं. नकाशावर एक चौकोन आखला होता. त्या चौकोनात चाळीस दिवस कोणी जाळं टाकायचं नाही, असं गावाच्या मच्छीमार संस्थेने कबूल केलं. नरहरी नावाचा एक म्हातारा तांडेल आहे. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. त्यानेच बैठकीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, "शब्द देयाचा तर पाळायचा." आणि जहाजाच्या केबलने जाळं फाटलं ते नेमकं नरहरीचंच.

जहाजासोबत एक राखणीची बोट असते. तिच्यावरच्या कारकुनाने नरहरीला विचारलं, जाळं कुठे होतं? नरहरी म्हणाला, तारापूरच्या सरळ समोर, बावीसवर. कारकुनाने इंग्रजीत लिहिलं, बावीस मीटर. नरहरीने खाली सही केली. तो कागद इथे आला. मेघालीने बावीस मीटर खोल पाणी शोधायला सांगितलं, आणि तारापूरसमोर जिथे ते होतं तिथे मी लाल ठिपका ठेवला. ठिपका बरोबर चौकोनाच्या आत पडला.

माझा नकाशा संस्थेत पोचला. तिथे म्हणे नरहरी ओरडून सांगत होता, मी बाहेर होतो. पण नकाशा खोटा कसा असेल? त्या रविवारी बैठकीत ठरणार होतं. नरहरीने शब्द मोडला असला तर यापुढे गावातला एकही खलाशी त्याच्या बोटीवर चढणार नाही. चाळीस वर्षं तांडेल असलेला माणूस घरी बसणार.

शुक्रवारी सकाळी तो बायकोला घेऊन बोईसरला आला.

"हेच का ते जहाजाचं आफिस?" त्याने दारातून विचारलं.

"या ना काका, बसा," मेघाली म्हणाली.

त्याची बायको जयवंती बसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अगो बाय, ह्याच डब्यात दर्या भरलाय म्हनतात तो?"

"दर्या नाही मावशी, दर्याचं चित्र."

"मंग वास कसा नाय येत?"

निमेशसर हसले नाहीत. त्यांनी तो कागद नरहरीपुढे सरकवला. "काका, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वर काय लिहिलंय?"

"मला विंग्रजी नाय येत. पन आकडा कळते. बावीस. मी बावीसच बोललो."

"बघा. म्हणजे तुम्हीच कबूल करताय."

"कबूल कसला करतंय? बावीसवर होतो तं बावीसच बोलेन ना!"

"बोटीवर जीपीएस असेल. त्यातली जागा दाखवा."

"त्यात खारं पानी गेलं. कार्तिकापासून बंद हाय."

"वा," निमेशसर म्हणाले.

खरं सांगतो, मलाही म्हाताऱ्याचा संशय आला. यंत्र नेमकं तेव्हाच बंद कसं? पण एक गोष्ट जुळत नव्हती. खोटा आवाज दर खेपेला जरा सरकतो. हा माणूस एकाच आकड्यावर बसून होता, आणि तोच आकडा त्याला बुडवत होता.

"बोंबील सुकवायचं सोडून आलेत आमी," जयवंती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं बावीस, तुमी लिवलं बावीस. मंग भांडन कशाचं हाय? का सातपाटीचा बावीस येगळा नि बोईसरचा येगळा?"

निमेशसर उठले. जाता जाता मेघालीला म्हणाले, "डिस्क भरली आहे. वळणांच्या नोंदी आज उडवून टाक. त्यांचा काही उपयोग नाही."

वळण म्हणजे काय ते सांगतो. चार किलोमीटरचं शेपूट घेऊन जहाज जागच्या जागी फिरू शकत नाही. एक रेघ संपली की ते लांब वळसा घेतं आणि दुसऱ्या रेघेवर येतं. त्या वळशात ते चौकोनाच्या बाहेर जातं. कान मात्र ऐकत असतात. त्या वळणातलं मी जवळजवळ सगळंच पुसतो.

आणि तेव्हा मला ते आठवलं. आठवलं म्हणजे माझ्या यादीत होतं. एका वळणात केबलला विचित्र हिसके बसले होते. लाटेचा हिसका सगळ्या केबलला बसतो. हे हिसके एकाच जागी होते, जसं कोणी पदर धरून ओढावं. मी त्यांना गोंगाट म्हटलं आणि पुसलं. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. आणि मेघालीने सरकवलेला बाण त्या नोंदी उडवायच्या बटणावर आला होता.

बाण तिथेच थांबला. "काका," ती म्हणाली, "जाळं किती वाजता गेलं?"

"जेवनं झाली होती. दोन वाजलं असतील. आमी डोल्यांनी पायलं. जहाज वळत होतं."

"वळत होतं?"

"मंग! सरल जातं तं आमच्यापर्यंत आलंच नसतं."

मेघालीने आधी ठिपक्याजवळची रेघ उघडली. त्या दिवशी जहाज तिथून सकाळी नऊला गेलं होतं. तिने साफ केलेली नोंद पाहिली, मग मूळ नोंद. एकही हिसका नव्हता. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिने माझी पुसलेल्याची यादी उघडली. दोन वाजून दहा मिनिटं. वळण. हिसके. त्याखाली पाण्याची खोली, साडेएकोणचाळीस मीटर.

"काका, तुम्ही बावीस मोजता कसे?" तिने विचारलं.

"कसं म्हंजे? शिसं बांधलेली दोरी सोडायची. तलाला लागली की वर घेयाची नि मोजायची. अशी." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने उभं राहून दोन्ही हात पसरले असणार, कारण जयवंती म्हणाली, "हलू जरा, त्या पोरीचा चष्मा पाडाल."

"या बोटापासून त्या बोटापोत एक वाव. असं बावीस वेला."

"वाव? मग वाव असं सांगितलं का नाही तुम्ही?"

म्हातारा गोंधळला. "दर्यावर आनखी काय मोजतात?"

मेघालीने ड्रॉवरमधून टेप काढली. जयवंतीने एक टोक नवऱ्याच्या बोटाशी धरलं असणार. एक मीटर अठ्ठ्याहत्तर. मेघालीने बावीसने गुणलं. एकोणचाळीस मीटर आणि वर थोडं. माझ्या आकड्यापेक्षा एका हातानेही कमी नाही. भरती-ओहोटीत त्याहून जास्त फरक पडतो.

कारकून आणि तांडेल, दोघांनी एकच आकडा सांगितला होता. कारकुनाच्या कानाला मीटरशिवाय दुसरं माप माहीत नव्हतं आणि तांडेलाच्या तोंडाला वावेशिवाय. दोघांनाही विचारायची गरज वाटली नाही. आणि मी? समुद्रातल्या प्रत्येक आवाजावर संशय घेणाऱ्या मला त्या कागदावरच्या आकड्याचा संशय आला नव्हता. तो लिहिलेला होता ना. लिहिलेलं मी मुकाट घेतो.

निमेशसरांना बोलावलं. मेघालीने सगळं दाखवलं. माझा संशय पुन्हा जागा झाला. चौकोनाबाहेर जाऊन जाळं आमच्या जहाजाने तोडलं होतं. हे बाहेर गेलं तर पुढचं काम मिळेल का? एक बटण दाबलं की वळण गेलं, हिसके गेले, म्हातारा गेला. माउस सरकल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली.

"हे छाप," ते म्हणाले. "जुना नकाशा आणि नवा, दोन्ही छाप. सही मी करतो. माझ्या सहीशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

"तुमच्या सईवर तरी कोन ठेवतंय," जयवंती म्हणाली. पण कागदांची नीट घडी घातल्याचा आवाज आला.

पुढचं मला मंगळवारी कळलं. जयवंती सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली होती.

"बैठकीत काय झालं मावशी?" मेघालीने विचारलं.

"काय होयाचं? कागद वाचला. मंग एक म्हातारा तांडेल बोलला, नरहरी, हात पसर बघू. ह्यांनी पसरलं. सगलं हसाया लागलं. हे मात्र रडलं. मेलं, भर बैठकीत. काल गेलेत दर्यावर. खलाशी पन सगलं गेलेत, जुनंच."

"चला, बरं झालं."

"बरं झालं खरं. पन तुज्या ह्या डब्यावर माजा इश्वास नाय हां. आदी ठिपका ठेवतो, मंग काडतो. पुन्यांदा ठेवशील तं आदी मानसाला इचार."

ती गेली. खोलीभर बोंबलांचा वास सुटला असणार, कारण निमेशसरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खिडकी उघडली. बाहेरचे ट्रक मला स्पष्ट ऐकू आले.

आता माझे दिवस थोडे राहिले आहेत. पुढच्या महिन्यात इथेही नवा प्रोग्राम येतो आहे. तो माझ्यापेक्षा पुष्कळ वेगाने साफ करतो असं ऐकलं. काय पुसलं त्याची यादी तो ठेवत नाही म्हणे, जागा वाचते. मला त्याचा राग नाही. संशय आहे. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्या प्रोग्रामने नव्याबद्दल एवढा संशय ठेवला तर चालतो.

तुम्ही जे माझी चित्रं पाहता, त्यांना हात जोडून सांगायचं तर मला हात नाहीत. नुसतंच सांगतो. चित्र रंगीत दिसलं तरी प्रश्न विचारा. मी काय पुसलं ते एकदा उघडून बघा. ज्याला गोंगाट म्हटलं त्यात कोणाचं तरी जाळं असू शकतं.

आणि एक मागणं आहे. मापांच्या माझ्या यादीत मीटर होतं, फूट होतं, मैल होता. त्या मंगळवारी मेघालीने तिथे हाताने एक ओळ घातली. वाव, एक मीटर अठ्ठ्याहत्तर. पुढे कारण लिहायची जागा असते, तिथे तिने लिहिलं, नरहरी तांडेल, सातपाटी, हात पसरून मोजलं.

मला काढून टाकाल तेव्हा बाकी काही ठेवू नका. तेवढी ओळ नव्याला द्या.